अमेरिकेचे न्यायमूर्ती आणि एक दौत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा मीही चार ओळी लिहाव्यात, असा आमच्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. आजवरचे माझे लिखाण म्हणजे घरचा जमाखर्च आणि मंडळाच्या सभांचे इतिवृत्त. परंतु माझी थोरली मुलगी कायद्याचा अभ्यास करते. रात्री जेवणे आटोपली, की मी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडीत बसते आणि ती आपल्या पुस्तकांतले मला मराठीतून सांगत असते. त्यातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या हकीकती मला इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत, की जणू ही मंडळी आमच्याच आळीत राहत असावीत! त्यांतली एक हकीकत भगिनींनी ऐकावी असे मला फार वाटते. ती एका दौतीची आहे.

आधी त्या न्यायालयाविषयी थोडे सांगते. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे हे न्यायालय स्थापन होऊन १७९० साली त्याची पहिली बैठक न्यूयॉर्क शहरी भरली. तेव्हा सहा न्यायमूर्ती होते. १८६९ पासून नऊ आहेत. देशाच्या अध्यक्षांनी नाव सुचवावे, सेनेट सभेने त्यास मान्यता द्यावी आणि मग त्या गृहस्थाने हयात असेपर्यंत त्या खुर्चीवर बसावे, अशी तेथली रीत आहे. आपल्याकडे पासष्टाव्या वर्षी न्यायमूर्ती निवृत्त होतात. तेथे तसे बंधन नाही. स्वतःहून जावे, नाहीतर देवाने न्यावे! विल्यम डग्लस नावाचे न्यायमूर्ती १९३९ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या खुर्चीवर होते. प्रारंभी मात्र या जागेस एवढा मान नव्हता. पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांनी न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होण्यासाठी १७९५ साली ती सोडूनही दिली.

आता दौत. ती रॉजर टॉनी या सरन्यायाधीशांची होती. १८५७ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात निकाल दिला. ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट या दोघांनी १८४६ मध्ये सेंट लुइस गावी स्वातंत्र्यासाठी दावे लावले होते. पदरी दोन मुली. अकरा वर्षे खटला चालला आणि शेवटी निकाल काय, तर ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले ते काळे लोक, मग ते गुलाम असोत की मोकळे झालेले असोत, या देशाचे नागरिकच नव्हेत! सात विरुद्ध दोन मतांनी हा निकाल झाला. उलट मत देणाऱ्या दोघांपैकी बेंजामिन कर्टिस यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. स्कॉट कुटुंबास पुढे त्यांच्या नव्या मालकाने मोकळे केले खरे, पण ड्रेड स्कॉट वर्षा-दीड वर्षातच वारला. हॅरिएट मात्र त्यानंतर अठरा वर्षे जगली. निकालाला नाव नवऱ्याचे आहे. पण दावा तिनेही लावला होता, हे मी मुद्दाम लिहिते.

पुढे १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध होऊन गुलामगिरी गेली. टॉनी त्याआधीच वारले होते. ते बसत त्या इमारतीतल्या एका अंमलदाराच्या मेजावर त्यांची जुनी दौत तेवढी पडून राहिली.

ही दौत ज्यांच्या हाती आली ते न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन. जन्म १८३३, केंटकी राज्यात, गुलाम बाळगणाऱ्या सधन घरात. मुलाने मोठा न्यायाधीश व्हावे म्हणून वडिलांनी जॉन मार्शल या थोर सरन्यायाधीशांचे नाव त्याला ठेवले. हे हार्लन युद्धात सरकारच्या बाजूने लढले, पण गुलामांना मुक्त करण्याच्या मात्र विरुद्ध होते, आणि स्वतः गुलाम बाळगूनही होते. युद्धानंतर त्यांचे मत हळूहळू पालटले. विरोधक त्यांना पूर्वीच्या भाषणांची आठवण देऊ लागले, तेव्हा मी जुन्या शब्दाला चिकटून राहण्यापेक्षा बरोबर असणे पत्करतो, अशा अर्थाचे त्यांनी भर सभेत सांगितले. पुरुषमाणसाने आपले मत चुकले होते असे चारचौघांत म्हणावे ही साधी गोष्ट नव्हे. १८७७ साली ते सर्वोच्च न्यायालयात आले.

त्यांची पत्नी मॅल्व्हिना हिचे माहेर इंडियाना राज्यातले. तेथे गुलामगिरी नव्हती आणि माहेरच्या माणसांना तिचा तिटकारा होता. सतरा वर्षांची ही पोर १८५६ च्या डिसेंबरात लग्न होऊन केंटकीला गुलामांच्या राबत्या घरात आली. निघताना आईने तिला सांगितले, की आता त्याचे घर तेच तुझे घर आणि त्याची माणसे तीच तुझी माणसे. हे वाचून दाखवताना माझी मुलगी थांबली व माझ्याकडे पाहून हसली. मलाही माझ्या आईने मांडवातून निघताना दुसरे काय सांगितले होते?

मॅल्व्हिनाबाईंना सहा मुले झाली. वॉशिंग्टनला न्यायमूर्तींच्या बायकांनी दर सोमवारी घर उघडे ठेवून येईल त्याचे आगतस्वागत करावे असा त्या काळी शिरस्ता होता, आणि पाहुणे शेकड्यांनी येत. हे सारे सांभाळून त्या नवऱ्याच्या कामावर बारीक लक्ष ठेवीत.

हार्लनसाहेबांनी ती दौत त्या अंमलदाराकडून मागून घेतली व कौतुकाने घरी आणली. पुढे टॉनींच्या नात्यातील एका सेनेटरच्या पत्नीशी बोलता बोलता, ही तुमच्या घरची वस्तू, तुम्हालाच देतो, असे त्यांनी कबूल करून टाकले. मॅल्व्हिनाबाईंना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी दौत गुपचूप लपवून ठेवली. साहेबांनी सारे घर धुंडाळले, दौत सापडेना. अखेर, ती हरवली असे त्यांना कळवावे लागले. नवऱ्याने कोणाला काही देऊ केले, की ते फडताळात मागे सरकवून ठेवणाऱ्या भगिनी आपल्या मंडळातही आहेत. मी नावे सांगत नाही.

१८८३ साल उजाडले. खाणावळी, नाटकगृहे, आगगाड्या यांत काळ्या माणसाला मज्जाव करता येणार नाही, असा कायदा १८७५ मध्ये झाला होता. तो न्यायालयाने रद्द ठरवला. आठ विरुद्ध एक. ते एक हार्लन. बहुमताचा निकाल जोसेफ ब्रॅडली यांनी लिहिला. हेच ते ब्रॅडली, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी शिकागोच्या मायरा ब्रॅडवेल या बाईंच्या खटल्यात लिहिले होते, की बायकांनी वकिली कसली करायची, पत्नी व माता होणे हेच स्त्रीजातीस नेमून दिलेले काम आहे.

हार्लनना आपले भिन्न मत लिहावयाचे होते, पण ते लिहून होईना. रात्री-अपरात्री उठत, काही टिपत, पुन्हा खोडत. सगळे सहकारी एका बाजूला असताना आपण एकटेच उलट लिहीत आहो, तर आपलेच काही चुकत असेल काय, असे त्यांच्या मनात येत असेल, असे मला वाटते. एका रविवारी ते प्रार्थनेस गेले असता मॅल्व्हिनाबाईंनी ती लपवलेली दौत बाहेर काढली, घासूनपुसून लख्ख केली, शाई भरली आणि त्यांच्या मेजावर मधोमध ठेवली. बाकीच्या साऱ्या दौती तेथून उचलल्या. ज्या दौतीतील शाईने ड्रेड स्कॉटला नागरिक नाही म्हटले गेले, तिच्यातच आता नवऱ्याने लेखणी बुडवावी! साहेब परतले, त्यांनी पाहिले, आणि मग लेखणी अडली नाही.

येथे त्या न्यायालयाची एक रीत सांगितली पाहिजे. बहुमताचा निकाल छापतात, त्याच ग्रंथात विरुद्ध मतही छापतात. ते एकट्याचे असले तरी छापतात. त्याने निकाल बदलत नाही. परंतु कोणी तरी नाही म्हटले होते आणि ते का म्हटले होते, हे पुढच्यांस वाचावयास मिळते.

हे ऐकले त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या मंडळात हळदीकुंकवाला विधवा भगिनींना बोलवावे की नाही, असा प्रश्न निघाला होता. न बोलवण्याचा ठराव झाला. एकट्या एका वयस्कर बाईंनी विरोध केला, आणि सभा संपल्यावर मला म्हणाल्या, "मी नाही म्हटले होते तेवढे लिही हो." इतिवृत्त मीच लिहीत असे. एकच तर मत, कशाला वाद वाढवायचा, असा विचार करून मी लिहिले, "ठराव एकमताने मंजूर." पुढे दोनच वर्षांनी मंडळाने तो ठराव फिरवला व सर्व भगिनींना बोलावणे सुरू केले. तेव्हाही मी लिहिले, "एकमताने मंजूर." त्या बाई आज हयात नाहीत. वहीत दोन्ही ठराव आहेत. त्या बाई कोठेच नाहीत.

असो. हार्लनसाहेबांकडे वळते. १८९६ साली आगगाडीत काळ्यांचे डबे वेगळे ठेवण्याचा लुइझियाना राज्याचा कायदा न्यायालयाने उचलून धरला. सात विरुद्ध एक. एक न्यायमूर्ती खटल्यात बसले नव्हते. एकटे पुन्हा हार्लनच. घटनेला माणसाचा रंग दिसत नाही, असे त्यांनी ठणकावून लिहिले. ते अगदी निर्दोष होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच लिखाणात त्यांनी चिनी लोकांविषयी अनुदार शब्द लिहिले आहेत, आणि जॉर्जियात काळ्या मुलांची हायस्कूल बंद झाली, तेव्हा १८९९ मध्ये त्या मुलांच्या विरुद्ध निकाल त्यांनीच लिहिला. तेथे त्यांची लेखणी कशी वळली कोण जाणे. चौतीस वर्षे न्यायदान करून १९११ साली ते वारले. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल पुढे १९५४ साली नऊ विरुद्ध शून्य मतांनी झाला. तो खटला लढणारे थर्गुड मार्शल १९६७ मध्ये स्वतःच त्या न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले.

आणि बायका? त्यांना आधी वकील म्हणून शिरायलाच १८७९ साल उजाडावे लागले. बेल्व्हा लॉकवुड बाईंनी खटपट करून त्यासाठी वेगळा कायदाच करवून घेतला. न्यायमूर्तीची खुर्ची मिळायला त्यानंतर आणखी शंभर वर्षे गेली. १९८१ मध्ये सँड्रा डे ओकॉनर यांना सेनेटने ९९ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली. या ॲरिझोनाच्या रानात गुराढोरांच्या मळ्यावर वाढलेल्या. कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा बाई म्हणून वकिलांच्या कचेऱ्यांत कोणी घेईना. एके ठिकाणी टंकलेखनासारखे काम देऊ केले. मग त्यांनी एका सरकारी वकिलाच्या कचेरीत आरंभी बिनपगारी काम पत्करले. न्यायमूर्तींच्या नावामागे "मिस्टर" लावण्याची जुनी प्रथा त्या येण्याच्या आदल्याच वर्षी बंद झाली, हे बरेच झाले!

पतीस विस्मृतीचा आजार जडला म्हणून २००६ साली ओकॉनरबाईंनी तहहयात मिळालेली ती जागा आपण होऊन सोडली. पुढे पतीस शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तेथे ते बायकोला विसरले आणि दुसऱ्या एका रुग्ण बाईच्या हातात हात घालून बसू लागले. ओकॉनरबाईंना त्याचे वाईट वाटले नाही. ते तेथे सुखात आहेत ना, याचेच त्यांना समाधान वाटे, असे त्यांच्या मुलाने सांगितले. मी हे चारदा मनाशी घोळवले. माझ्याने हे झाले नसते.

त्यांच्यामागून १९९३ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग आल्या. यांची आई हिशेबनीस होती. तिने आपली कमाई भावाच्या शिक्षणासाठी दिली होती, आणि मुलगी शाळेची शेवटची पदवी घेणार त्याच्या आदल्या दिवशी ती कर्करोगाने वारली. रूथबाई हार्वर्डला गेल्या तेव्हा तेथल्या प्रमुखांनी मुलींना विचारले, की पुरुषाची जागा तुम्ही का अडवता? पुढे त्यांनी पदवी घेतली ती कोलंबिया विद्यापीठाची, जेथे पूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते. घरी स्वयंपाक यजमान करीत, आणि तो इतका नामी, की त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पाककृतींचे पुस्तक निघाले. न्यायमूर्तीचा झगा पुरुषाच्या सदऱ्याच्या व टायच्या मापाने बेतलेला, म्हणून या दोघी बाया गळ्याशी लेसची पट्टी लावीत. गिन्सबर्गबाईंची तर विरुद्ध मत वाचून दाखवण्याच्या दिवसाची पट्टी निराळीच असे.

२००७ साली लिली लेडबेटर या कामगार बाईचा खटला आला. टायरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे राबूनही तिला पुरुषांहून कमी पगार मिळत होता, आणि हे तिला फार उशिरा कळले. तक्रार १८० दिवसांच्या आत करायला हवी होती, असे पाचांनी म्हटले. चौघांनी उलट म्हटले. तेव्हा न्यायालयात बाई एकट्या गिन्सबर्गच. दुसऱ्याचा पगार गुप्त ठेवतात, तो बाईला कळावा कसा, हे त्यांनी भर न्यायालयात वाचून दाखवले व कायदेमंडळाने हे सुधारावे असे सुचवले. २००९ च्या जानेवारीत तसा कायदा झाला. २०२० साली गिन्सबर्गबाई गेल्या. २०२२ साली नऊ जणांत चार बाया बसल्या. चौथ्या केटांजी ब्राउन जॅक्सन, त्या न्यायालयाच्या पहिल्या काळ्या स्त्री न्यायमूर्ती.

आता दौतीची ही गोष्ट आपल्याला कळली कशी, ते सांगायचे राहिले. पती गेल्यावर मॅल्व्हिनाबाईंनी १९१५ साली आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्या छापण्यात कोणी रस घेतला नाही. ऐंशीहून अधिक वर्षे ते बाड कागदपत्रांत पडून राहिले. न्यायमूर्तींच्या बायकांविषयी माहिती गोळा करताना ते गिन्सबर्गबाईंच्या दृष्टीस पडले. प्रकाशक मिळेना, तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर २००१ मध्ये त्या न्यायालयाच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात त्या आठवणी छापल्या गेल्या, आणि पुढल्याच वर्षी पुस्तकरूपाने दुकानांत आल्या.

चिटणीसबाईंजवळ मंडळाची जुनी वही मागितली आहे. त्या म्हणतात, कपाट उघडून बघते.