इबरच्या दोन्ही काठांवरून

माझे मामा पोलीस खात्यातून संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर कोसोवोला गेले होते. निवृत्तीनंतर ते तिथलं सांगू लागले. आम्ही भाचरं युद्धाबद्दल विचारायचो, मामा मात्र तिथल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलायचे. मित्रोवित्सा शहरात इबर नदीच्या उत्तरेला सर्ब, दक्षिणेला अल्बेनियन आणि मधल्या पुलावर परदेशी सैनिकांचा पहारा. "पण म्हातारे पुलाचं बोलायचेच नाहीत," मामा म्हणायचे, "ते खाणीचं बोलायचे."

खाण म्हणजे ट्रेप्चा. शिसं, जस्त आणि चांदीची. युगोस्लाव्हियाच्या काळात तिथे हजारो माणसं कामाला होती. सर्ब आणि अल्बेनियन एकाच पाळीला खाली उतरत. एका म्हाताऱ्या अल्बेनियन कामगारानं मामांना सांगितलं होतं, की डोक्यावरचा खडक कडकडला की ज्याच्या कानावर आधी पडेल तो ओरडायचा, आणि तो कोणत्या भाषेत ओरडला हे बघायला कुणी थांबायचं नाही. दोन्ही भाषा दोघांनाही येत.

याच म्हाताऱ्याची कहाणी पुढे १९८९ वर येऊन थांबायची. युगोस्लाव्हियाच्या १९७४ च्या राज्यघटनेनं सर्बियातल्या कोसोवो प्रांताला दिलेली स्वायत्तता सर्बियाचा नेता मिलोशेविच काढून घेत होता. त्या फेब्रुवारीत ट्रेप्चाचे कामगार आठ दिवस जमिनीखाली ठाण मांडून बसले. मार्चमध्ये स्वायत्तता गेलीच. पाठोपाठ अल्बेनियन माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या मुलांच्या शाळा घराघरांत भरू लागल्या. म्हाताऱ्याला नोकरी गेल्यापेक्षा दुसरंच सलत होतं. त्याला काढलं तेव्हा पाळीतला सर्ब सोबती एक शब्द बोलला नव्हता.

नदीपलीकडच्या सर्ब म्हाताऱ्याची कहाणी १९९९ ला सुरू व्हायची. त्या वर्षी सर्बियन फौजांनी लाखो अल्बेनियन लोकांना हुसकावून लावलं. नाटोनं ७८ दिवस बॉम्बहल्ले केले. जूनमध्ये फौजा माघारी गेल्या, निर्वासित परतले, आणि मग पळायची पाळी सर्बांवर आली. या म्हाताऱ्याचं घर दक्षिण काठावर राहिलं. मामा दिसले की तो विचारायचा, "माझ्या घरात कोण राहतं?" मामा म्हणायचे, "दोघंही खरंच सांगत होते. पण दुसऱ्याचं साल कुणाच्याच तोंडी येत नव्हतं."

मार्च २००४ मध्ये कोसोवोत सर्बांविरुद्ध दंगली उसळल्या. १९ माणसं गेली, कितीतरी सर्ब घरं आणि चर्च जळाली, तिकडे सर्बियात बेलग्रेड आणि निशच्या मशिदी पेटवल्या गेल्या. कोसोवोतल्या देचानी या चौदाव्या शतकातल्या सर्ब मठावरही तोफगोळे पडले. याच मठातल्या साधूंनी १९९९ च्या युद्धात अल्बेनियन शेजाऱ्यांना आसरा दिला होता, आणि युद्ध संपल्यावर सर्ब आणि रोमा कुटुंबांना.

मामा गेल्यानंतर मी या प्रदेशाच्या इतिहासात शिरलो, आणि तिथे मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट भेटली : दिलेला शब्द न पाळणं. १९९६ मध्ये मिलोशेविच आणि कोसोवोतल्या अल्बेनियनांचे नेते इब्राहिम रुगोवा यांनी अल्बेनियन मुलांना शाळांच्या इमारतींत परत घेण्याच्या करारावर सह्या केल्या. मुलं बाहेरच राहिली. २०१३ मध्ये, कोसोवो सर्बियापासून वेगळा झाल्यावर, युरोपीय संघाच्या मध्यस्थीनं दोघांत ब्रसेल्सचा करार झाला. त्यात सर्बबहुल नगरपालिकांचा संघ स्थापण्याचं कोसोवोनं मान्य केलं. दहा वर्षं उलटली तरी तो उभा राहिला नाही. २०२३ मध्ये बान्यस्का गावात सशस्त्र सर्ब टोळीनं कोसोवोच्या एका पोलिसाचा जीव घेतला, आणि टोळीच्या म्होरक्याला सर्बियानं कोसोवोच्या हवाली केलं नाही. त्याआधी बोलणीही अशीच मोडली होती : २०१८ च्या जानेवारीत अस्खलित अल्बेनियन बोलणारा, दोन्हीकडे ऊठबस असणारा सर्ब नेता ऑलिव्हर इवानोविच याला मित्रोवित्सात, त्याच्या पक्षाच्या कार्यालयासमोर गोळ्या घातल्या गेल्या. त्याच दिवशी ब्रसेल्समध्ये सर्बिया आणि कोसोवोची बोलणी पुन्हा सुरू व्हायची होती. सर्बियाचं शिष्टमंडळ उठून निघून गेलं.

शब्द टिकतो कशानं, हेही त्याच मातीला ठाऊक आहे. १९९० मध्ये लोकसाहित्याचे अभ्यासक अंतोन चेत्ता आणि त्यांच्यासोबतची तरुण मुलं अल्बेनियन घराघरांत गेली, पिढ्यान्‌पिढ्यांची खुनी वैरं मिटवा म्हणून विनवू लागली. बैठकीच्या खोलीत बसून, घरातल्या वडीलधाऱ्याचं सगळं ऐकून घेऊन मगच ती मागणी करत. १ मे १९९० रोजी देचानजवळच्या माळावर प्रचंड जमाव जमला आणि माणसांनी सर्वांदेखत रक्ताचा सूड माफ केला. ती वैरं अल्बेनियन-अल्बेनियनांतली होती, सर्बांशी नव्हती. तरीही त्यातली रीत मला मोलाची वाटते : आधी ऐकायचं, मग मागायचं, आणि शब्द द्यायचा तो चारचौघांसमोर, म्हणजे मागे फिरायला वाट उरत नाही.

ब्रसेल्सच्या बंद खोल्यांत नेमकं हेच घडत नाही. सही होते, आणि प्रत्येक नेता घरी जाऊन आपल्या लोकांना तिचा वेगळा अर्थ सांगतो. याउलट देचानी मठाची २४ हेक्टर जमीन मठाचीच, असा निकाल कोसोवोच्या घटनात्मक न्यायालयानं २०१६ मध्ये दिला. आठ वर्षं तो अडवला गेला, पण २०२४ मध्ये जमीन अखेर मठाच्या नावावर लागली. उशिरानं का होईना, एक शब्द पाळला गेला.

युद्धातली सुमारे १,६०० माणसं अजून बेपत्ता आहेत. अल्बेनियन जास्त, पण सर्ब आणि रोमाही. त्यांची कुटुंबं मात्र आज एकत्र बसून मागणी करतात, की हाडं तरी द्या. त्यांना एकमेकांचं साल माहीत आहे. संवादाची सुरुवात मला तिथून व्हायला हवी असं वाटतं. सर्बियानं आपल्या फौजांची दप्तरं उघडावीत, कोसोवोनं २०१३ च्या सहीला जागावं. भरवसा आधी बसेल आणि मग करार पाळले जातील, अशी वाट बघण्यात एक पिढी गेली आहे. करार पाळणं हेच भरवशाचं पहिलं पाऊल आहे, आणि ज्याचं सैन्य वा सरकार अधिक बलवान, त्यानं ते आधी टाकायला हवं.