मधले देश

गेली काही वर्षं एक कृष्णधवल छायाचित्र मोबाइलवर सारखं फिरतं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनात एक बस उभी आहे आणि खाली मजकूर आहे : ‘लंडन ते कलकत्ता, जगातला सर्वांत लांबचा बसमार्ग’. या मजकुरात दोन निरनिराळ्या बसची माहिती सरमिसळ झालेली असते. एक १९५७ मधली ‘इंडियामन’, आणि दुसरी दहा-अकरा वर्षांनंतर रस्त्यावर आलेली ‘अल्बर्ट’ नावाची दुमजली बस. ती गल्लत सोडून देऊ. मला कुतूहल आहे ते चित्र पाहणाऱ्यांच्या उद्गाराचं : ‘काय दिवस होते! जग किती मोकळं होतं!’ खरंच मोकळं होतं का? आणि कोणासाठी?

ओसवाल्ड-जोसेफ गॅरो-फिशर यांची ‘इंडियामन’ १५ एप्रिल १९५७ रोजी २० प्रवासी घेऊन लंडनहून निघाली आणि ५ जूनला कलकत्त्यात पोचली. जाण्याचं भाडं ८५ पौंड, परतीचं ६५. नावही पाहण्यासारखं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी हिंदुस्थानच्या फेऱ्या करणाऱ्या जहाजांना ‘इंडियामन’ म्हणत. राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी तेच नाव आता चाकांवर चढलं. परतीच्या प्रवासात बस ठरल्यापेक्षा १६ दिवस उशिरा, २ ऑगस्टला लंडनला पोचली. उशिराचं एक कारण फ्लू हे होतं. त्या वर्षी आशियात इन्फ्लुएन्झाची मोठी साथ होती आणि तिच्यामुळे इराण-पाकिस्तान सीमा बंद झाली होती.

या मार्गाचा पुढचा सगळा इतिहास मला या पहिल्याच फेरीत दिसतो. विमानाला दोन टोकं पुरतात. बसला मधला प्रत्येक देश लागतो. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, या सगळ्यांनी एकाच वेळी आपापली फाटकं उघडी ठेवली तरच ती पुढे सरकते. एकाने कडी घातली की संपलं.

शिवाय ही फाटकं नुसत्या सद्भावनेने उघडलेली नव्हती. साठच्या दशकात हजारो तरुण पाठीवर पिशव्या टाकून या वाटेने येऊ लागले, त्याला अफगाणिस्तानातले नवे रस्ते बरेचसे कारणीभूत होते. हेरात ते कंदाहार हा काँक्रीटचा रस्ता सोव्हिएत संघाने बांधून दिला, कंदाहार ते काबूल अमेरिकेने. दोन्ही कामं दशकाच्या मध्याला पुरी झाली. शीतयुद्धातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका गरीब देशाला आपल्याकडे ओढण्यासाठी जे डांबर आणि सिमेंट ओतलं, त्यावरून युद्धाला विटलेली पोरं शांती शोधत पूर्वेकडे निघाली. त्याआधी १९६१ पासून १९६३ पर्यंत पख्तुनिस्तानच्या वादापायी अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमा बंदच होती. ती उघडायला इराणच्या शहाला मध्यस्थी करावी लागली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारत-पाकिस्तानची वाट अडली. म्हणजे ज्याला आपण मोकळा काळ म्हणतो, तो बंद आणि उघड्याचाच खेळ होता.

प्रवासही काही सुखाचा नव्हता. संघटित सहलीच्या बसपेक्षा कितीतरी जण टप्प्याटप्प्याने, स्थानिक बसने येत. इस्तंबूलच्या ‘पुडिंग शॉप’ या खाणावळीतल्या फलकावर चिठ्ठी लावून सोबती शोधायचा. मग एर्झुरुम, तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल. खैबर खिंडीच्या तोंडाशी तोरखमला गाडीने उजवी बाजू सोडून डावी धरायची, कारण अफगाणिस्तानात वाहनं उजवीकडून चालतात आणि पाकिस्तानात डावीकडून. स्वतःची गाडी असेल तर सीमेवर ‘कार्ने’ दाखवायचं, म्हणजे गाडी त्या देशात विकणार नाही याची हमी देणारा दस्तऐवज. जुलाब तर सगळ्यांना ठरलेलेच, आणि कावीळही अनेकांना गाठे. अमृतसरला सुवर्णमंदिराच्या सराईत निजायला जागा आणि लंगरमध्ये पोटभर जेवण मिळे. पुढे कोणी वाराणसीला जाई, कोणी काठमांडूला, तर कोणी मुंबईहून आगबोटीच्या डेकवर पथारी टाकून पणजीला आणि तिथून हणजुण्याला. हणजुण्याचा प्रसिद्ध बुधवारचा बाजार त्यांचाच. घरी परतायला पैसे उरले नाहीत की अंगावरचे, पिशवीतले जिन्नस तिथे विकायला मांडले जात.

आपल्या घरांत त्या वेळी ‘हिप्पी’ ही शिवी होती. कानावर केस आले की बाप विचारी, ‘हिप्पी झालास काय रे?’ पण त्या शिवीत जरा हेवाही असावा, असं मला वाटतं. कारण ही वाट उलट्या दिशेने आपल्याला खुली नव्हती. ब्रिटिश पासपोर्टवाल्याला त्या काळी भारतात यायला व्हिसा लागत नसे. ज्या लंडनहून ही बस सुटत होती, त्या लंडनने मात्र १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या, म्हणून आपल्याही, लोकांच्या येण्यावर बंधनं घातली. इकडे परकीय चलन सरकारच्या मुठीत होतं, आणि पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. काबूलच्या चिकन स्ट्रीटवर युरोपातले विद्यार्थी मेंढीच्या कातड्याचे कोट विकत घेत होते, त्या सुमारास आपण देशाबाहेर पाऊल टाकणं हा हक्क की मेहेरबानी, याचा निवाडा करून घेत होतो. म्हणून तो काळ मोकळा होता असं म्हणताना वाक्यात कर्ता घालावा लागतो.

वाट संपली तीही मधल्या देशांमुळेच. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये रक्तरंजित सत्तापालट झाला. १९७९ च्या सुरुवातीला इराणच्या शहाने देश सोडला आणि क्रांती झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. दीड-पावणेदोन वर्षांत साखळीतल्या दोन कड्या तुटल्या. लंडनही जागेवर होतं, कलकत्ताही. बस गेली.

तेव्हापासून उपखंडातली प्रत्येक आंतरराष्ट्रीय बस मला तापमापकासारखी वाटते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले. ती दिल्ली-लाहोर बस कारगिलच्या युद्धातही चालू राहिली, डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर बंद पडली, जुलै २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या श्रीनगर-मुझफ्फराबाद बसचीही गत तीच झाली. अमृतसरहून लाहोर अवघं ५० किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्याला जाण्यापेक्षा हे अंतर काही फार कमी-जास्त नाही.

आणि हे फक्त देशांच्या सीमांवरच घडतं असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पुन्हा पेटला, तेव्हा गाड्यांवर दगड पडले, बसना काळं फासलं गेलं आणि कर्नाटकात जाणाऱ्या आपल्या एसटी काही काळ थांबल्या. विमानं उडतच होती. भांडण दिल्लीतलं असो की बेळगावातलं, पहिला दगड बसच्या काचेवर बसतो, कारण तीच सगळ्यांच्या दारावरून जाते आणि तिच्यात बहुधा तिकिटाला मोजकेच पैसे असलेली माणसं असतात.

मी पाठीवर सॅक घेऊन एसटी आणि इतर राज्यांच्या परिवहन गाड्यांनी बराच हिंडलो आहे. रात्री कधीतरी राज्याची हद्द ओलांडली जाते, झोपेत कळतही नाही. सकाळी टपरीवरच्या पाटीची लिपी बदललेली असते, चहा मात्र तोच. एवढं सहज ओलांडता येणं ही आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. कोणीतरी फाटक उघडं ठेवायचं ठरवलेलं असतं आणि ते रोज पाळलेलं असतं. त्या जुन्या छायाचित्राकडे पाहताना मला हेवा वाटतो, पण बसमधल्या प्रवाशांचा नाही. एका वर्षी, काही महिने का होईना, इतक्या सगळ्या देशांनी एकाच वेळी कडी काढून ठेवली होती, त्या गोष्टीचा.