महाडच्या तळ्याचा दावा

श्रोतेहो, महाडचें नांव निघालें कीं २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले, हें आपण सर्व जाणतच आहां. मींहि अनेक वर्षें वर्गांत हा प्रसंग शिकविला, आणि खरें सांगावयाचें तर धडा तेथेंच संपविला. त्यानंतर दहा वर्षें तें पाणी कोर्टाच्या कागदांत अडकून पडलें होतें, हें मुलांना सांगावें असें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. ती राहिलेली गोष्ट आज सांगावयाची आहे.

महाड हें सावित्रीच्या कांठचें जुनें व्यापारी गांव. तेव्हां तें कुलाबा जिल्ह्यांत होतें. त्याच जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणतात. चवदार तळें सुमारें चार-पांच एकरांचें. बरेंचसें निसर्गानें घडविलेलें, थोडेंसें माणसानें बांधून काढलेलें. पाणी पावसाचें आणि आंतल्या झऱ्यांचें. सभोंवार म्युनिसिपालिटीचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्ण हिंदूंचीं आणि थोडीं मुसलमानांचीं घरें. कांठाच्या कांहीं पट्ट्या व घाटाच्या पायऱ्या या घरवाल्यांच्या मालकीच्या होत्या. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांचें घर मात्र जवळपास एकहि नव्हतें. ही मांडणी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं ऑगस्ट १९२३ मध्यें एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत, असा त्याचा आशय. त्यास अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ च्या जानेवारींत आपलें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. जाहीर केलें खरें, पण पायरी उतरण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. मार्च १९२७ मध्यें परिषद भरली तेव्हां तिच्यासाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. म्युनिसिपालिटीचें तळें हाकेच्या अंतरावर असतांना!

२० मार्चला काय झालें तें पुन्हां सांगत नाहीं. त्यानंतर मंदिरप्रवेशाची खोटी आवई उठली, परिषदेस आलेल्या लोकांना मारहाण झाली, आणि पंचगव्यादिकांचे १०८ घागरी-मडकीं ओतून तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. ऑगस्टमध्यें म्युनिसिपालिटीनें आपलाच ठराव मागें घेतला. ज्या संस्थेच्या हातीं गांवाचें पाणी असावयाचें, तिनें गांवांतील बळिष्ठांपुढें मान तुकविली. या एका गोष्टीबद्दल मला मारहाणीइतकेंच वाईट वाटतें.

डिसेंबरमध्यें पुन्हां सत्याग्रहाची घोषणा झाली. तेव्हां महाडच्या कांहीं सवर्ण रहिवाशांनीं १२ डिसेंबर १९२७ रोजीं दिवाणी दावा लावला. तळें आमच्या खासगी मालकीचें आहे, तें वापरण्याचा हक्क आमचाच आहे, आणि अस्पृश्यांनीं त्यास शिवूं नये अशी अनादि वहिवाट आहे, हें त्यांचें म्हणणें. कोर्टानें तात्पुरता मनाई-हुकूम दिला. २५ डिसेंबरपासून हजारों माणसें महाडांत जमलीं होतीं. तरी बाबासाहेबांनीं हुकूम मोडूं दिला नाहीं. मिरवणूक तळ्याभोंवतीं फिरली आणि पाण्यास न शिवतां परतली. तहानलेल्या माणसांना असें परत फिरविणें किती अवघड असेल याची कल्पनाच करावी.

मनाई-हुकूम पुढें उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. महाडच्या कोर्टांत १९३१ सालीं आणि ठाण्याच्या जिल्हा कोर्टांत १९३३ सालीं वादी हरले. तेथून प्रकरण मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांच्यापुढें गेलें. हेच ब्रूमफील्ड १९२२ सालीं अहमदाबादेस सेशन्स जज्ज होते व महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा त्यांनींच सुनावली होती.

मालकीचा मुद्दा हायकोर्टांत फारसा उरलाच नव्हता. म्युनिसिपल कायद्यान्वयें तळें म्युनिसिपालिटीकडे आहे, हें वादींनाहि मानावें लागलें. राहिली ती वहिवाट. वहिवाटीला कायद्याचें बळ यावयाचें तर ती अनादि, निश्चित आणि सयुक्तिक असावी लागते. सन १९२७ पूर्वीं अस्पृश्य या तळ्यावर येत नसत, हें वादींनीं पुराव्यानें दाखविलें. परंतु जेथें सभोंवार त्यांचें घरच नाहीं, तेथें पूर्वीच्या काळीं ते पाण्यासाठीं कशाला येतील? कोणी आलें नाहीं, एवढ्यावरून त्यास अडविण्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं. देवळांच्या खटल्यांचे दाखलेहि पुढें करण्यांत आले. देऊळ विशिष्ट लोकांच्या उपासनेसाठींच अर्पण झालें असावें, असें दीर्घ परिपाठावरून कदाचित् मानतां येईल. उघड्यावरच्या एवढ्या मोठ्या तळ्याबद्दल तसें अनुमान काढतां येत नाहीं, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें. शिवाय त्याच तळ्याचें पाणी मुसलमान भरीत, त्यास वादींची हरकत नव्हती.

अपील फेटाळलें गेलें तो दिवस १७ मार्च १९३७. पहिली ओंजळ भरली त्यास दहा वर्षें पुरीं होण्यास तीन दिवस उणे होते. पुढें १९५० सालीं जी राज्यघटना अमलांत आली, तिच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं आणि स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख आहे, आणि ते पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशानें चालत असावेत किंवा जनतेच्या वापरासाठीं अर्पण केलेले असावेत, अशी कसोटीहि तेथें घातलेली आहे. मसुदासमितीचे अध्यक्ष कोण होते, हें सांगावयास नको.