वेशीआतला रिकामा भूखंड आणि हॉर्नबी रोडचा नियम

अहिल्यानगरची माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा अजून उभे आहेत; त्यांना जोडणारा तट मात्र बहुतांशी गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहरात एखादा जुना वाडा पडला, की त्याच्या जागी काय उभे राहावे? जुन्याची हुबेहूब नक्कल, की आजच्या काळाचे काही?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

१८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. हॉर्नबी रो रुंद होऊन हॉर्नबी रोड झाला. तोच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. प्रत्येक भूखंडाचा मालक निराळा, वास्तुरचनाकार निराळा, ऐपतही निराळी. रस्ता विस्कळीत व्हायला आणखी काय हवे?

१८९६ मध्ये सरकारने नियम केला : इमारतीच्या दर्शनी बाजूस तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी असावी. वरच्या मजल्यांची शैली ज्याची त्याने निवडली. म्हणूनच व्हेनेशियन गॉथिक धाटणीची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट, अभिजात युरोपीय वळणाच्या इमारती आणि इंडो-सारासेनिक घुमट एकाच रस्त्यावर नांदतात. ओवरीने त्यांना एका सूत्रात बांधले. दुकानदारालाही ती जाचक वाटण्याचे कारण नव्हते. भर पावसात गिऱ्हाईक दारापर्यंत कोरडे येई.

मेळ शैलीत नसतो, रस्त्याशी असलेल्या नात्यात असतो. नगरसारख्या शहरातील वाड्याची दगडी जोती, ओटा, लाकडी खांब, वरचे विटांचे मजले आणि गल्लीला लागून असलेली दर्शनी भिंत हे ते नाते. गाड्या लावण्यासाठी नवी इमारत आत सरकली, की ती ओळ पडलेल्या दातासारखी तुटते. उलट काँक्रीटवर चिकटवलेली खोटी महिरप ओळ राखते खरी, पण पाहणाऱ्याला फसवते.

हॉर्नबी रोडलाही पुढे ग्रहण लागलेच. दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी झाकल्या. १९९५ च्या बृहन्मुंबई वारसा नियमावलीने, देशातील अशा पहिल्याच नियमावलीने, संरक्षणाला कायद्याचा आधार दिला. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या आराखड्यानुसार पाट्या कमानींच्या चौकटीत बसवल्या गेल्या. २००४ मध्ये युनेस्कोने या कामाचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत गौरव केला.

हॉर्नबीचे नाव पाटीवरून गेले. त्या ओवऱ्यांखालून, फेरीवाल्यांमधून वाट काढत, लोक आजही पावसात छत्री मिटून चालतात.