समुद्र ओलांडून परत आलेली माणसे

सुरत हे नाव कानी पडताच मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे १६६४ व १६७० ही दोनच साले उभी राहतात. शिवछत्रपतींनी मोगलांची ही श्रीमंत पेठ दोनदा लुटली, एवढ्यावर आमचा सुरतेशी असलेला परिचय संपतो. गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या सुटीत आम्ही तेथे गेलो, ते हीच शिदोरी घेऊन. घरची मुले त्याच सुमारास परदेशी सहलीस निघाली होती. त्यांच्या मानाने आमचा प्रवास अगदीच घरगुती. परंतु परत येताना आम्ही जो विषय बरोबर आणला, तो परदेशगमनाचाच होता.

पहिल्याच संध्याकाळी तापीकाठी ‘पोंक’ नावाचा पदार्थ मोठ्या कुतूहलाने विकत घेतला. तोंडात टाकताच ओळख पटली. हा तर आपला ज्वारीचा हुरडा! विकणारा हसून म्हणाला, “हुरडाच हो दादा, इकडे पोंक म्हणतात.” गृहस्थ खानदेशचे निघाले. उधना, लिंबायत या भागांत त्यांच्यासारखी हजारो मराठी कुटुंबे कापडधंद्याच्या आश्रयाने राहतात. परमुलूख म्हणून ज्याकडे पाहावे तेथे आपलेच घर निघावे, हा प्रवासातील पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी मक्कई पुलाचा भाग पाहिला. मोगलांच्या काळात सुरतेला ‘बाबुल मक्का’, म्हणजे मक्केचे द्वार, म्हणत. देशोदेशीचे यात्रेकरू येथून होड्यांत बसून मोठ्या जहाजांकडे जात. समुद्र ओलांडून जो परते त्याच्या नावामागे ‘हाजी’ ही मानाची पदवी लागे. त्याच बंदरातील हिंदू वाणी मोखा, मस्कत व बसरा येथे पेढ्या चालवीत. तेही जात व येत. आणि त्याच काळी आमच्या धर्मशास्त्राच्या पोथ्यांत समुद्रगमन हे पातक म्हणून नोंदलेले होते. बौधायनाने तर पतनीय कर्मांच्या यादीत त्याला पहिलेच स्थान दिले आहे. एकाच घाटावर एकाला मान मिळावा आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी बंद व्हावे, हा केवढा विरोध!

या विरोधात सापडलेल्या एका मराठी ब्राह्मणाची हकिगत सुरतेशी निगडित आहे. पेशवाईसाठी झगडणाऱ्या रघुनाथरावाने १७७५ साली सुरतेतच इंग्रजांशी तह केला. पुढे आपली बाजू थेट विलायतेत मांडावी म्हणून त्याने हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार रतनजी हा पारशी असे वकील लंडनला धाडले. १७८१ साली हे लोक तेथे अडचणीत दिवस काढीत असता एडमंड बर्क या विख्यात पार्लमेंट सभासदाच्या दृष्टीस पडले. बर्कने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि ज्ञातीच्या नियमाप्रमाणे राहून स्वतंत्र स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतील काचघर मोकळे करून दिले. परक्या धर्माच्या या गृहस्थाने पाहुण्याच्या चुलीचे पावित्र्य जाणले, ही गोष्ट आम्हांस राजकारणाहूनही मोठी वाटते.

आता परतीची कथा ऐकावी. कंपनीच्या सेवेतील विल्फर्ड नावाचा अधिकारी लिहितो की, रघुनाथरावाचे ब्राह्मण वकील परतल्यावर त्यांना अपवित्र ठरविण्यात आले. पुष्कळ विचारविनिमयानंतर सोन्याची योनिप्रतिमा घडवून त्यांना तीतून जाण्यास लावले, म्हणजे त्यांचा जणू पुनर्जन्म झाला असे मानले. धन्याच्या कार्यासाठी गेलेल्यांना धन्याच्याच माणसांत परत येण्यास नवा जन्म घ्यावा लागला! तरी एवढे म्हणता येईल की, त्या काळच्या शास्त्र्यांनी दार बंद केले नाही. अवघड का होईना, वाट काढली.

ऐंशी वर्षांनी ही वाट सोपी झाली होती काय? येथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. गुजराती व मराठी सुधारकांचे हे सख्य सुरतेच्या मातीत जन्मले. याच सुरतेत जन्मलेले महिपतराम रूपराम नीलकंठ हे नागर ब्राह्मण १८६० साली शिक्षणपद्धती पाहण्यास इंग्लंडला गेले. परतल्यावर ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले, आणि तो वाद कित्येक वर्षे धुमसत राहिला. पत्नी पार्वतीकुंवर यांनी कधी समुद्र ओलांडला नव्हता. पण बहिष्काराची झळ त्यांनाही सोसावी लागली. महिपतरामांनी इंग्लंडच्या प्रवासाचे वर्णन लिहिले, तसेच पत्नीच्या निधनानंतर तिचे चरित्रही. पहिल्या पुस्तकात जाण्याचे धैर्य आहे. दुसरे ज्या बाईंविषयी आहे, तिचे धैर्य घरी राहण्याचे होते. दोहोंत थोर कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

हे सारे परक्यांचे म्हणून आम्हांस हात झटकता येणार नाही. नारायणराव चंदावरकर १८८५ साली विलायतेस गेले, तेव्हा आपल्या सारस्वत ज्ञातीतही वाद माजले. दुसऱ्याच वर्षी रामकृष्णपंत भांडारकर व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेले. आज या दोघांची नावे आपण अभिमानाने घेतो. आणि विसरतो हे की, आपली दैवतेच मुळी स्थलांतरित आहेत! गोव्यात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० साली श्रीमंगेशाला कुशस्थळीहून अघनाशिनीपलीकडे प्रियोळास नेले गेले. पैलतीरी देवाला कोणी प्रायश्चित्त विचारले नाही. तेथे दिवा लागला आणि तेच देऊळ झाले.

सुटी संपवून परतलो, तेव्हा परदेशी गेलेली मुलेही आली होती. पेट्या उघडताच सवयीप्रमाणे आमच्या तोंडून निघाले, “तिकडे काय काय खाल्लेत?” मुले क्षणभर गप्प झाली. सोन्याची प्रतिमा आज कोणी घडवीत नाही, ज्ञातीच्या सभाही भरत नाहीत. पण प्रश्न विचारण्याची आमची रीत तीच राहिली आहे, हे त्या क्षणी ध्यानी आले. समुद्र ओलांडणाऱ्याची परीक्षा बोटीवर होत नाही, ती उंबरठ्यावर होते. आणि खरे पाहता तेथे परीक्षा त्याची नसतेच, उंबरठ्याच्या आत उभे असलेल्यांची असते. आम्ही प्रश्न बदलला, “तिकडे काय काय पाहिलेत?” मग मात्र गोष्टी मध्यरात्रीपर्यंत संपल्या नाहीत.