पहिले सुवर्णपदक आणि पात्रतेचा प्रश्न

कोणत्या चित्रपटाला पुरस्कार मिळायला हवा होता, हा रसिकांचा वाद न संपणारा आहे. मराठी रसिकांत तो फिरून फिरून ‘श्यामची आई’पाशी येतो. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी भारत सरकारने प्रथमच राष्ट्रीय पारितोषिके दिली. ऑक्टोबर १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’च्या वाट्याला गुणवत्ता प्रमाणपत्र आले. हा निवाडा योग्य होता काय, या प्रश्नाआधी तो कोणत्या मापाने झाला हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कारण त्याच वर्षी दुसऱ्या मापाने दुसरा निवाडा झाला होता. मार्च १९५४ मध्ये मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात ‘फिल्मफेअर’ची पहिली पारितोषिके दिली गेली. ती वाचकांच्या मतांवर ठरली होती आणि अवघी पाच होती. चित्रपट व दिग्दर्शन ही दोन्ही ‘दो बिघा जमीन’कडे गेली. अभिनयाची पारितोषिके ‘दाग’साठी दिलीपकुमार आणि ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी यांना मिळाली, तर संगीताचे ‘बैजू बावरा’च्याच नौशाद यांना. शंभूच्या भूमिकेसाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढण्याचा सराव केलेले बलराज साहनी या यादीत नाहीत. त्याच साली कान महोत्सवातही ‘दो बिघा जमीन’चा सन्मान झाला.

येथे एक सोपा तर्क हमखास पुढे येतो. सरकारला नांगरावरून हुसकलेल्या शेतकऱ्यापेक्षा संस्कार करणारी आई अधिक सोयीची वाटली, असा तो तर्क. आम्हांस तो पुरेसा वाटत नाही. एक तर त्याच सरकारी यादीत ‘दो बिघा जमीन’चाही गौरव आहे. दुसरे म्हणजे, ‘श्यामची आई’ केवळ संस्कारकथा मानली तरच तो तर्क टिकतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात कर्ज आहे, दारी आलेला सावकार आहे, हातचे घर जाणे आहे. शंभूची जमीन आणि श्यामचे घर ही एकाच ऋणव्यवस्थेने गिळलेली दोन ठिकाणे आहेत. फरक दृष्टीचा आहे. एक कथा दारिद्र्याकडे आईच्या शीलातून पाहते, दुसरी शहरातल्या श्रमातून. सरकारी पारितोषिकांच्या निकषांत कलात्मक व तांत्रिक दर्जाबरोबर शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्यही होते. या मापात पहिली दृष्टी अधिक चपखल बसावी, यात नवल नाही.

मापाची मर्यादा अभिनयाच्या बाबतीत तर उघडच दिसते. ‘सिकंदर’सारख्या चित्रपटात राजदरबारी थाटात वावरलेल्या वनमाला येथे कोकणातल्या दरिद्री घरातील आई झाल्या. पण सुवर्णपदक होते चित्रपटाला. अभिनयासाठी राष्ट्रीय पारितोषिकच नव्हते. ‘भरत’ आणि ‘उर्वशी’ ही अभिनयाची पारितोषिके १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाली व ती प्रथम उत्तमकुमार आणि नर्गिस यांना लाभली. म्हणजे वनमाला यांना डावलले गेले असे म्हणता येत नाही. त्यांच्या कामाचा विचार करायला रकानाच नव्हता. डावलले जाण्यापेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण डावललेल्याची निदान चर्चा होते.

२००४ मध्ये ‘श्वास’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, तेव्हा पन्नास वर्षांनी मराठीला हा मान मिळाल्याचा आनंद सर्वत्र झाला. तो रास्तच होता. मात्र या आनंदात एक धोकाही असतो. मधल्या पन्नास वर्षांत मराठीत काही घडलेच नाही, असे नकळत गृहीत धरले जाते आणि दिल्लीची सनद हेच आपल्या चित्रपटाच्या इतिहासाचे पंचांग होऊन बसते. साहित्याच्या वर्गात आपण पारितोषिकांच्या यादीवरून कादंबरीचा इतिहास शिकवीत नाही. चित्रपटांनाही तोच न्याय लावावा, आणि विद्यार्थ्यांसमोर ‘श्यामची आई’ व ‘दो बिघा जमीन’ शेजारी शेजारी ठेवावेत. कोण श्रेष्ठ, हा वाद तेव्हाही होईलच. पण निदान तो पदकांविषयी न राहता चित्रपटांविषयी होईल.