वरठी, बिब्बा आणि वॉशिंग मशीन

वऱ्हाडात धोब्याला वरठी म्हणतात. देशावर परीट, शहरात धोबी, आमच्याकडे वरठी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात धोब्यांच्या नोंदीच्या डोक्यावरच वरठी हा शब्द दिलेला आहे. गावगाड्यात वरठी बलुतेदार. सुगी झाली की खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. लग्नात नवरदेवाच्या पायाखाली पायघड्या घालण्याचा मान त्याचा. बाकी वर्षभर त्याच्या पाठीवर गावाच्या मळाचं गाठोडं.

त्याचं काम आपल्याला वाटतं तितकं सोपं नव्हतं. कपडे आधी सज्जीच्या किंवा खारवट मातीच्या पाण्यात भिजवायचे. मग भट्टीवर रचून त्यांना रात्रभर वाफ द्यायची. पहाटे गाढवावर लादून नदीवर न्यायचे, दगडावर आपटायचे, पिळायचे, वाळूवर पसरायचे. रेशमी वस्त्राला रिठा. पांढऱ्याला नीळ आणि तांदळाची खळ. आणि पन्नास घरांची शंभर धोतरं एकत्र झाली तरी कोणाचं कोणतं हे त्याला अचूक कळायचं, कारण प्रत्येक घराची खूण वेगळी. ही खूण बिब्ब्याच्या रसाने करत. बिब्ब्याच्या तेलात चुना मिसळला की काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही. इंग्रजांनी म्हणूनच बिब्ब्याला खुणेचं फळ असं नाव दिलं. बिब्बा आमच्या भागातलं झाड, औषधी म्हणून त्याची गोडंबी आपण आवडीने खातो, पण ती काढणाऱ्या बायांचे हात त्याच तेलाने भाजतात. कपड्यावरची खूण करणाऱ्याच्या बोटांचंही तेच होत असणार.

या वरठ्याला गावाने मान दिला आणि शिवताशिवतही दिली. बाळंतिणीचे, विटाळाचे कपडे तो धुतो म्हणून तो खालचा. आणि त्याच्याही खाली ज्यांना ढकललं होतं, त्या दलित वस्तीचे कपडे तो धुत नसे. गाव त्याला धुऊ देत नसे म्हणा. त्या वस्तीतल्या बाया आपलं धुणं आपणच धुवायच्या, तेही नदीच्या खालच्या अंगाला. वर कोण धुणार आणि खाली कोण, हे पाण्यावर लिहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना वाचता येत होतं.

याच वरठ्यांच्या घरात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे एक मूल जन्मलं. डेबूजी झिंगराजी जानोरकर. बाप दारूपायी लवकर गेला आणि आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. पुढे १९०५ मध्ये घर सोडून निघालेला हा माणूस गाडगेबाबा झाला. गाडगेबाबांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. खराटा सगळ्यांना आठवतो. मला मात्र नेहमी त्यांची जात आणि त्यांचा वेश एकत्र दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची वस्त्रं शुभ्र करणाऱ्यांचा हा मुलगा आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडला. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. तिथे चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंना हात देत, त्यांची सेवा करत बाबांचं काम सुरू झालं आणि पुढे तिथे त्यांनी घाट बांधला. वरठ्याच्या पोराला घाटाची किंमत कोणी सांगायला हवी होती थोडीच! २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत नदी काही सुटली नाही.

आता जरा कापडाकडे या. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. पऱ्हाटीचं बोंड इथलं, सूत तिकडचं, आणि कापड पुन्हा इकडे विकायला. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली तेव्हा कुठे थोडा फरक पडला. गिरणीचं कापड स्वस्त झालं, माणसाकडे दोनाचे चार कपडे झाले. कपडे वाढले की धुणं वाढतं, हा साधा हिशेब. विलायती साबणही मागोमाग आला. १८८८ मध्ये लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. आमच्या पिढीने मात्र लहानपणी पाहिला तो टाटांचा पाचशे एक बार. लांबच्या लांब वडी, ती दोऱ्याने कापून मिळायची.

पण वऱ्हाडात साबणाची एक अडचण होती, आणि ती मुंबईच्या जाहिरातवाल्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांनी पसरलेला आहे खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते खारं पाणी. ते प्यायलं तर तहान भागत नाही, त्यात डाळ शिजत नाही, आणि तेच वर्षानुवर्षं पिऊन गावोगावी मूत्रपिंडाचे रोगी झाले. या पाण्यात साबण घासा, फेस येतच नाही. पाण्यातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरून त्याचा चिकट साका करतात. तो साका कपड्यातच बसतो. म्हणून खारपाणपट्ट्यातलं पांढरं धोतर कितीही आपटलं तरी त्याला पिवळट झाक राहायची. तिथल्या बाया आळशी होत्या असं कोणी म्हणेल तर त्याला एक दिवस तिथल्या हापशावर उभं करावं.

१९५९ मध्ये सर्फ आला. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरामागे निरमा करायला सुरुवात केली आणि सर्फच्या साधारण चौथ्या हिश्श्यात तो सायकलवरून विकला. डिटर्जंट म्हणजे साबण नव्हे. त्याची घडण वेगळी, क्षाराच्या पाण्यात त्याचा साका होत नाही. इतरांना ती स्वस्त पावडर वाटली असेल. खारपाणपट्ट्यातल्या बाईच्या हाताला पहिल्यांदा फेस लागला, हे मला जास्त मोठं वाटतं. हात सोलून निघायचे तो भाग वेगळा.

मशीन त्यानंतरचं. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीचं आपोआप चालणारं यंत्र १९३७ चं. आपल्याकडे ते घराघरांत शिरायला पन्नास वर्षं लागली, आणि शिरलं तेही दूरदर्शनमधून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी व्हिडिओकॉनच्या मशीनचं जाहिरातगाणं लागायचं, ते पोरं गणपतीच्या आरतीसारखं तोंडपाठ म्हणायची. ही कंपनी आपल्या मराठवाड्यातली, औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. नंदलाल धूत यांनी उभी केलेली. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. तिची दोन टबांची मशीनं मात्र अजूनही कोणाकोणाच्या मोरीत घरघर करतात.

दोन टबांचं मशीन, म्हणजे सेमी ऑटोमॅटिक, वऱ्हाडात इतकं का टिकलं? दुकानदार सांगतो, स्वस्त म्हणून. ते अर्धंच खरं आहे. अलीकडे आमच्या घरी नवीन मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा आठ-पंधरा दिवस यावर खल झाला. सूनबाईला समोरून उघडणारं हवं होतं. त्यात तिचं काही चुकत नव्हतं. ते पाणी कमी पितं, कपडा कमी झिजवतं. पण त्याला पाणी लागतं ते नळातून, दाबाने आणि सलग. टाकी नळापेक्षा निदान दहा फूट उंच हवी. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो आणि बहिणीकडे अकोल्याला काटेपूर्णा धरणातलं पाणी किती दिवसांनी येईल हे उन्हाळ्यात कोणीच सांगू शकत नाही. शिवाय आत पाणी तापवायचा हीटर असतो. बोअरचं पाणी दिलं तर त्यावर वर्षभरात चुन्याचा थर चढतो, तो काढायची पावडर वेगळी विकत घ्या. सेमीला हे नखरे नाहीत. बादलीने पाणी ओता. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पोरांच्या शाळेचे मोजे, शेवटी पायपुसणी. तेच पाणी पुढे संडासात. एक पाणी पाच कामं करतं. वीज गेली तर झाकण उघडून कपडे काढून घ्या, मशीन काही रुसत नाही. २००५ नंतर भारनियमनाची वर्षं आली तेव्हा हे फार कामाला आलं. बाळापूर तालुक्यातल्या पारसला वीज तयार व्हायची आणि शेजारच्या खेड्यात दिवसाचे कितीतरी तास अंधार असायचा, हे आम्ही पाहिलं आहे.

आणि वाळवणाचं म्हणाल तर मे महिन्यात अकोल्याचा पारा सत्तेचाळीसच्या घरात जातो. दोरीवरचं शेवटचं कापड टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. ड्रायर लागतो तो श्रावणात.

आमच्या घरात आणखी एक प्रश्न निघाला, तो मुसलमान घरांत हमखास निघतो. अम्मी नव्वदीला टेकली आहे. तिने एकच विचारलं, "तीन पानी से निकलते क्या कपडे?" नमाजाचा कपडा पाक हवा, आणि पाक म्हणजे स्वच्छ पाण्यातून तीनदा निघालेला. साबणाचा फेस गेला एवढ्यावर तिचं समाधान नाही. ऑटोमॅटिकमध्ये दोनदा-तीनदा खळबळायची सोय असते हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मशीन गिनती है तो तू क्यूँ नहीं गिनता?" मला यावर उत्तर सुचलं नाही. सोवळ्याओवळ्याच्या घरातही असाच काहीतरी प्रश्न निघत असणार. माझा एक ब्राह्मण मित्र सांगतो की त्याच्या आईने मशीनमधून निघालेलं नऊवारी पुन्हा एकदा बादलीत बुडवल्याशिवाय कधी नेसलं नाही.

हान्स रोसलिंग नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी २०१० मध्ये वॉशिंग मशीनवर एक भाषण केलं होतं, ते जगभर गाजलं. त्यांच्या आईने मशीन आलं तेव्हा त्यात कपडे टाकले आणि मुलाला घेऊन वाचनालयात गेली, असं ते सांगतात. ऐकताना डोळे पाणावतात. पण अमेरिकेच्या रूथ श्वार्ट्‌झ काउअन या इतिहासकार बाईंनी १९८३ सालीच दुसरी बाजू मांडली होती. यंत्रं आली तसं बाईचं काम कमी झालं नाही, कारण स्वच्छतेची मापं वाढली आणि मदतीला असलेली माणसं घरातून गेली. पूर्वी आठवड्याला बदलायचा सदरा आता रोज बदलायचा. मला दोघांचंही पटतं, पण वऱ्हाडात काउअनबाईंचं जास्त दिसतं. मशीन आल्यावर वाचनालयात गेलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. शिवणकामाला बसलेल्या, पोरांचा अभ्यास घेणाऱ्या पाहिल्या.

आणि मदतीचं माणूस म्हणजे कोण? धुणंभांडी हा आपल्याकडे एक शब्द आहे. त्यातलं धुणं मशीनने उचललं की बाईकडे भांडी उरतात आणि पगार अर्ध्यावर येतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण मशीन आल्यावर किती पैसे कापायचे हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ते मोरीपाशी उभं राहून ठरतं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंनी खोक्याची चर्चा ऐकली होती. एक दिवस त्या पत्नीला म्हणाल्या, "भाभी, मशीन घेऊन राह्यले म्हनते. मंग मी भांड्यापुरतीच येऊ का?" आमच्या घरातल्या पंधरा दिवसांच्या खलात पाणी निघालं, वीज निघाली, पाकी निघाली, किलो आणि लिटर निघाले. हा प्रश्न कोणी काढला नव्हता. सूनबाईनेच मग सांगितलं की सेमी घेऊ, ते चालवायला माणूस लागतंच. पगार तोच राहील.

मशीन आलं. सात किलोचं. ताई सकाळी येतात, पांढरे आधी टाकतात. एकदा मी त्यांना विचारलं की पूर्वी तुमच्या गावात धुणं कुठे व्हायचं? त्यांचं माहेर दर्यापूरकडचं, ऐन खारपाणपट्ट्यातलं. म्हणाल्या, "नदीवर. विहिरीच्या पान्यानं तं कापड खराब व्हाये." अम्मीचा दुपट्टा त्या वेगळा ठेवतात आणि शेवटी नळाखाली तीनदा काढतात, मोठ्याने मोजत, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जावं.